रक्ताचा पहिला थेंब: पडद्यावरचे व्हॅम्पायर बघायला कुठून सुरुवात करावी

कोल्हापूरला सिनेमाचा नाद नवा नाही. पण व्हॅम्पायर म्हटलं की आपल्याकडे दोनच चेहरे डोळ्यांसमोर येतात. एक काळ्या झग्यातला ड्रॅक्युला आणि दुसरा उन्हात लखलखणारा देखणा कॉलेजकुमार. या दोघांमध्ये जवळपास ऐंशी वर्षांचा सिनेमा आहे. तो क्रमाने पाहिला, तर ज्याला बघून लोक किंचाळायचे त्याच्यासाठीच पुढे प्रेक्षक कसे हळहळू लागले, हे टप्प्याटप्प्याने उलगडत जातं. आमचा एक छोटा गट राजारामपुरीत कुणाच्या ना कुणाच्या घरी जमून सिनेमे बघतो. तिथे येणाऱ्या नव्या मुलामुलींना जे सांगतो, तेच इथे नीट मांडतो आहे.

आधी एक प्रसंग हेरून ठेवा

शंभर वर्षांतलं सगळं एकदम टिपायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग धरा. माणसाला कुठेतरी बारीकसं कापतं, रक्ताचा थेंब येतो आणि व्हॅम्पायर शेजारीच असतो. हा प्रसंग मूकपटात आहे, बोलपटात आहे, नव्वदीच्या भव्य ड्रॅक्युलात आहे आणि पोरवयातल्या प्रेमकथेतही आहे. प्रत्येक दिग्दर्शकाने तो वेगळ्या रीतीने घेतला आहे. बदल मोजायला यापेक्षा चांगलं माप मला तरी सापडलेलं नाही.

वहीत प्रत्येक सिनेमासाठी एक पान ठेवा आणि तीनच गोष्टी लिहा. थेंब आल्यावर कॅमेरा कुणाच्या चेहऱ्याकडे वळतो? व्हॅम्पायर स्वतःला आवरतो का, आणि आवरला तर कशामुळे? त्या घटकेला आपला जीव कुणासाठी खालीवर होतो? उत्तर एका ओळीत असलं तरी पुरे. पण सिनेमा संपल्यावर लगेच लिहा, दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवणी एकमेकींत मिसळतात.

खोलीची तयारी

हे सिनेमे अंधाराचे आहेत, म्हणून खोलीही अंधारी हवी. खिडकीला जाड पडदा लावा, ट्यूबलाइट बंद करा, मोबाइल पालथे ठेवा. टीव्हीवर बघणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. ते चालू असलं की जुना सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि त्याची सगळी जरब जाते. ब्राइटनेस फार वाढवू नका, कारण या चित्रपटांत काळ्या भागातच बरंच काही लपवलेलं असतं. परभाषेतला सिनेमा डब केलेला न घेता सबटायटल्ससह घ्या. व्हॅम्पायरचा मूळ आवाज गेला की निम्मं पात्र गेलं.

पहिला सिनेमा: १९२२

सुरुवात एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘नॉस्फेराटू’पासूनच करा. मूकपट आहे म्हणून टाळू नका. ब्राम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून तो हक्क न घेता केला होता, म्हणून पात्रांची नावं बदलली होती. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तोवर काही प्रती परदेशी पोचल्या होत्या, म्हणून आज तो आपल्याला बघता येतो.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. इंटरनेटवर याच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रती खूप आहेत, आणि त्यांत ऑर्लोक लख्ख उजेडात शवपेटी काखेत मारून गावातून हिंडताना दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, दिग्दर्शकाला दिवस-रात्र कळत नव्हती की काय. खरं म्हणजे त्या काळात रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करून फिल्म निळ्या रंगात बुडवत, आणि निळं दिसलं की प्रेक्षक रात्र समजत. घरातल्या दिव्याच्या उजेडासाठी पिवळट छटा असे. म्हणून रंगछटा असलेली, जीर्णोद्धार केलेली प्रतच शोधा. ती साधारण दीड तासाची आहे. काही इंग्रजी प्रतींत मधल्या पाट्यांवर ड्रॅक्युलाची नावं परत घातलेली आढळतील, त्याने गोंधळू नका.

आता थेंब. तरुण हुटर ऑर्लोकच्या किल्ल्यात जेवायला बसला आहे. पाव कापताना सुरी त्याच्या अंगठ्याला लागते. ऑर्लोक उठतो, जवळ येतो आणि अंगठ्याकडे झेपावतो. कॅमेरा लांब उभा आहे, दोघेही एकाच चौकटीत दिसतात. ऑर्लोकच्या मनात काय चाललंय याच्याशी सिनेमाला देणंघेणं नाही. मॅक्स श्रेकने उभा केलेला हा ऑर्लोक टकला आहे, त्याचे कान टोकदार, बोटं लांबलचक आणि पुढचे दात उंदरासारखे आहेत. तो गावात येतो तेव्हा बरोबर उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. कोल्हापूर संस्थानाने विसाव्या शतकाच्या तोंडाशी प्लेगचे दिवस सोसले आहेत, म्हणून रिकाम्या गल्लीतून एकामागून एक शवपेट्या निघालेल्या दिसतात ते दृश्य इथल्या जुन्या घरांतल्या माणसांना परकं वाटायचं नाही.

आणखी एक नोंद करून ठेवा. उन्हाने व्हॅम्पायर मरतो, हा नियम या सिनेमाने रुजवला. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त त्याची ताकद कमी झालेली असते.

कोल्हापूरकर म्हणून मला इथे थोडं रेंगाळावंसं वाटतं. ‘नॉस्फेराटू’ बनत होता त्याच वर्षांत आपल्या गावात बाबूराव पेंटर महाराष्ट्र फिल्म कंपनीत छायाप्रकाशाचे प्रयोग करत होते. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका अंगावर आला की त्याला कात्री लागली. बाबूरावांनी कॅमेराही स्वतः तयार केला होता. भीती दाखवायची तर उजेड कुठे अडवायचा, हा प्रश्न बर्लिनइतकाच कोल्हापुरातही सोडवला जात होता. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाता-येता हे ध्यानात असू द्या.

दुसरा सिनेमा: १९३१

आता बोलपट. टॉड ब्राउनिंगच्या ‘ड्रॅक्युला’त बेला लुगोसी हा हंगेरियन नट आहे. त्याआधी १९२७ पासून तो ब्रॉडवेच्या रंगभूमीवर हीच भूमिका करत होता. ऑर्लोकसमोर उभं राहवत नाही, पण लुगोसीला कुणीही घरी बोलावून जेवू घालील. चोपून बसवलेले केस, संध्याकाळचा सूट, झगा आणि शब्दाशब्दावर थांबत बोलण्याची ती लकब. व्हॅम्पायर दिवाणखान्यात शिरला तो इथे. या सिनेमात त्याचे सुळे दिसत नाहीत आणि चावाही पडद्यावर दाखवलेला नाही. सगळी धास्ती डोळ्यांत आहे, आणि त्या डोळ्यांवर प्रकाशाचे बारीक झोत मुद्दाम टाकलेले आहेत. असा डोळा मराठी प्रेक्षकांनीही पाहिला आहे. कोल्हापुरात सुरू झालेल्या ‘प्रभात’ने पुण्याला गेल्यावर १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ केला. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा अख्खा पडदा व्यापतो. दोन्ही सिनेमे एका आठवड्यात बघा.

इथला थेंब असा आहे: पाहुणा रेनफिल्डच्या बोटाला कागदाची क्लिप टोचते. ड्रॅक्युला पुढे सरकतो, तेवढ्यात रेनफिल्डच्या गळ्यातला क्रूस हातावर घसरतो आणि ड्रॅक्युला तोंड फिरवून मागे हटतो. म्हणजे तो आवरतो, पण बाहेरच्या सत्तेमुळे. स्वतःच्या मनाने आवरणारा व्हॅम्पायर यायला अजून बराच अवकाश आहे. मात्र कॅमेरा आता त्याच्या चेहऱ्याजवळ आला आहे, हे लिहून ठेवा.

पार्श्वसंगीत जवळपास नाही, म्हणून नव्या प्रेक्षकाला हा सिनेमा रिकामा वाटतो. पुढे फिलिप ग्लासने त्याला संगीत दिलं, ती प्रतही मिळते. पण पहिल्यांदा शांतताच ऐका. रात्री, एकट्याने ऐकलीत तर जास्त बरं.

जमलं तर याचीच स्पॅनिश आवृत्ती बघा. दिवसा इंग्रजी चित्रपटाचं काम चाले, आणि रात्री त्याच सेटवर दुसरे कलाकार स्पॅनिशमध्ये तीच कथा उभी करत. आपल्याकडेही १९३२ मध्ये ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी असा दोन भाषांत केला, तोही कोल्हापुरातच. डबिंग रुळण्याआधी जगभर हाच उपाय होता. स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’त कॅमेरा जास्त फिरतो, बायकांच्या वागण्यात जास्त मोकळीक आहे आणि लांबीही जवळपास अर्ध्या तासाने जास्त आहे. लुगोसी मात्र त्यात नाही, आणि त्याची उणीव भासते.

तिसरा सिनेमा: रंग येतो

१९५८ मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने टेरेन्स फिशरच्या दिग्दर्शनाखाली ‘ड्रॅक्युला’ केला. अमेरिकेत तो ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ म्हणून लागला, त्या नावाने शोधलात तर लवकर सापडेल. ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली उंचापुरा आणि चपळ आहे. पहिल्या भेटीत तो अगदी सभ्य यजमान वाटतो. मग ग्रंथालयाच्या दारात त्याचा चेहरा एकदम समोर येतो, लाल डोळे, सुळे आणि तोंडाला लागलेलं रक्त.

इथे थेंब श्रेयनामावलीतच पडतो. शवपेटीवर ड्रॅक्युलाचं नाव कोरलं आहे आणि त्यावर वरून लालभडक रक्त ठिबकतं. जवळ कुणीही माणूस नाही. तो थेंब सरळ प्रेक्षकांसाठी आहे. रक्त लाल दिसतं एवढ्या एका गोष्टीने या भीतीची जात पालटली. अंगावर येणारी, थोडी लाजिरवाणी वाटावी अशी ओढ तिच्यात मिसळली. ज्या बायकांना ड्रॅक्युला चावतो त्या खिडकी उघडून त्याची वाट बघतात, त्यांचे चेहरे निरखून बघा.

शेवट चुकवू नका. व्हॅम्पायरच्या मागावर असलेला पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर झेप घेतो आणि पडदा फाडून ऊन आत आणतो. या शेवटाइतका चपळ शेवट मला त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही भयपटात भेटलेला नाही.

मधली वर्षं झपाट्याने

यानंतरच्या तीस वर्षांतलं सगळं बघायची गरज नाही. तीन सिनेमे निवडा. १९७२ चा ‘ब्लॅक्युला’, ज्यात आफ्रिकेचा राजपुत्र व्हॅम्पायर होतो आणि विल्यम मार्शल त्याला शेक्सपिअरच्या नायकाचा भारदस्तपणा देतो. १९७९ चा वेर्नर हर्झोगचा ‘नॉस्फेराटू’, ज्यात पाव कापायची सुरी पुन्हा अंगठ्याला लागते, पण क्लाउस किन्स्कीच्या चेहऱ्यावर भुकेपेक्षा थकवा अधिक आहे. व्हॅम्पायरला मरण येत नाही याचं दुःख प्रेक्षकाला पहिल्यांदा नीट कळतं ते इथे. तिसरा १९८७ चा कॅथरिन बिगेलोचा ‘निअर डार्क’. यात किल्ला नाही, झगा नाही, सुळेही नाहीत. काचा झाकलेल्या गाडीतून अमेरिकेच्या माळरानावर भटकणारं एक कुटुंब आहे, एवढंच.

आपल्याकडचा रक्तपिपासू

नवखे लोक हा टप्पा गाळतात, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १९६७ मध्ये लाहोरमध्ये ख्वाजा सरफराज यांनी ‘जिंदा लाश’ हा उर्दू सिनेमा केला. मांडणी बरीचशी हॅमरच्या ड्रॅक्युलाची आहे, पण इथला व्हॅम्पायर शापाने झालेला नाही. अमरत्वाचं रसायन शोधणारा हा प्राध्यापक स्वतःच ते पिऊन बसतो. वर गाणी आणि नाच आहेतच. ते पळवत पुढे जाऊ नका, मोहात पाडायचं काम त्या नाचांकडेच सोपवलेलं आहे.

मग १९९० चा रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ घ्या. अनिरुद्ध अग्रवाल यांची ती प्रचंड उंची आणि तो चेहरा एकदा पाहिलात की विसरणार नाही. रामसेंचं आपल्या भागाशीही नातं आहे, त्यांच्या पहिल्या यशस्वी भयपटाचं चित्रीकरण महाबळेश्वरला झालं होतं. त्यांच्या सिनेमांत एक प्रश्न सतत डोकं वर काढतो: ज्या प्रेक्षकाच्या घरात क्रूस नाही, त्याला क्रूसाने पळणारा राक्षस कसा पटवायचा? १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये त्यांनी त्रिशूळ आणला. राक्षस कशाला घाबरतो यावरून तो समाज कशावर विसंबून आहे हे समजतं, म्हणून वहीच्या पानावर हेही टिपत चला.

ताजं उदाहरण २०२५ च्या ‘थामा’चं. दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार, ‘झोंबिवली’ आणि ‘मुंज्या’वाले. त्यांनी परदेशी काउंट आणला नाही, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ रक्त पिणाऱ्यांच्या जमातीत बसवला आणि त्यांना माणसाचं रक्त न पिण्याचा नियम घालून दिला. सिनेमा सगळीकडे सारखा जमलेला नाही, पण वाट अगदी योग्य आहे. गावाच्या वेशीवर वेताळाचा दगड पाहत वाढलेल्या माणसाला ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्व्हानियापर्यंत जायची गरज का पडावी?

कॅमेरा कूस बदलतो: १९९२ आणि १९९४

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ‘ब्राम स्टोकर्स ड्रॅक्युला’त किल्ल्यात पाहुणा आलेला तरुण हार्कर दाढी करत असतो आणि त्याला वस्तरा लागतो. ड्रॅक्युला झालेला गॅरी ओल्डमन त्याच्या हातातून वस्तरा घेतो, पाठ फिरवतो आणि पात्यावरचं रक्त चाटतो. हार्करला हे दिसत नाही. आपल्याला दिसतं! आजवर आपण बळीच्या बाजूला उभे होतो. या एका क्षणात आपण ड्रॅक्युलाच्या बाजूला जाऊन पोचतो, त्याच्या गुपितात सामील होतो. पुढे सगळी प्रेमकथाच आहे. गेलेली बायको पुन्हा जन्माला आली म्हणून चारशे वर्षं थांबलेला हा नवरा आहे. सिनेमातल्या बहुतेक करामती संगणकाशिवाय, जुन्या मूकपटांच्या युक्त्या वापरून केलेल्या आहेत. ‘नॉस्फेराटू’ आधी पाहिला असेल तर त्यांची खरी मजा येईल.

दोन वर्षांनी आलेल्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये व्हॅम्पायर स्वतःच आपली कहाणी सांगायला बसतो. त्यातला लुई माणसं मारायला नको म्हणून उंदरांचं रक्त पितो. क्रूस नाही, लसूण नाही, त्याला आवरते ती फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी. १९३१ च्या पानाशेजारी हे पान ठेवून बघा.

२००८ चे दोन सिनेमे, पाठोपाठ

एकाच वर्षी स्वीडनमध्ये टॉमस आल्फ्रेडसनचा ‘लेट द राइट वन इन’ आला आणि अमेरिकेत ‘ट्वायलाइट’. पहिल्याला डोक्यावर घ्यायचं आणि दुसऱ्याला हसायचं अशी पद्धत पडून गेली आहे. माझा आग्रह आहे की दोन्ही मनापासून बघा.

स्वीडिश सिनेमात बर्फातल्या एका उपनगरात बारा वर्षांचा ऑस्कर राहतो, शाळेत मुलं त्याचा छळ करतात. शेजारी आलेली एली त्याची मैत्रीण होते. मैत्री पक्की करायला तो आपला तळवा कापतो आणि रक्त जमिनीवर ठिबकतं. एली त्याला निघून जायला सांगते, स्वतः जमिनीवर पडून ते थेंब चाटते आणि पळून जाते. या एका प्रसंगासाठी वहीचं अख्खं पान द्या. भूक आहे, माया आहे, शरम आहे, आणि आपल्याला त्या दोघांचीही काळजी वाटते. ऑर्लोकपासून इथवर यायला सिनेमाला ८६ वर्षं लागली.

‘ट्वायलाइट’ मालिकेतला थेंब २००९ च्या ‘न्यू मून’मध्ये आहे. वाढदिवसाच्या भेटीचा कागद सोडवताना नायिका बेलाच्या बोटाला चिरा पडतो. घरात सगळे व्हॅम्पायर. एकाचा तोल जातो आणि तो झेपावतो, तिचा प्रियकर एडवर्ड तिला मागे ढकलतो, आणि डॉक्टर असलेला कार्लाइल शांतपणे तिच्या जखमेला टाके घालतो. एकाच थेंबावर तीन स्वभाव. या मालिकेने उन्हाचा नियम उलटवला, ऊन पडलं की एडवर्ड मरत नाही, चमकतो. ज्या उन्हाने ऑर्लोक विरून गेला त्याच उन्हात हा सुंदर दिसतो. भीती गेली ही तक्रार खरी आहे, पण स्वतःला आवरणं हाच प्रेमाचा पुरावा मानणारी कथा लाखो मुलींना का भिडली, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आजचा व्हॅम्पायर

शेवटी दोन नवे सिनेमे. रॉबर्ट एगर्सच्या २०२४ च्या ‘नॉस्फेराटू’त देखणेपणा संपला आहे. बिल स्कार्सगार्डचा ऑर्लोक भरघोस मिशांचा, सडत चाललेला सरदार आहे. रायन कूग्लरचा ‘सिनर्स’ २०२५ चा. १९३२ च्या मिसिसिपीत कृष्णवर्णीय लोक आपल्या गाण्यासाठी एक जागा उभी करतात आणि दाराशी व्हॅम्पायर येऊन आत घेण्याची विनवणी करतात. त्यांना रक्ताबरोबर ते गाणंही हवं आहे. मोठ्या आवाजाची सोय असेल तिथेच हा बघा, फोनवर नको.

गटात बघणार असाल तर

महिन्याला एक सिनेमा पुरे. बघून झाल्यावर आधी सगळ्यांनी आपापलं पान वाचावं, मग चर्चा सुरू करावी, नाहीतर मोठ्याने बोलणारा एकटाच बोलत राहतो. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात सिनेमाविषयीचे कार्यक्रम होत असतात, तिथे या विषयात रस असलेली माणसं भेटतात. लहान मुलं घरात असतील तर हॅमरपासून पुढचं त्यांच्यासमोर लावू नका. ‘लेट द राइट वन इन’मध्ये मुलं आहेत म्हणून तो मुलांचा सिनेमा आहे असंही समजू नका.

एक फेरी पुरी झाली की दुसऱ्या फेरीत थेंब सोडून आरसा धरा. १९२२ मध्ये ऑर्लोकचं प्रतिबिंब आरशात दिसतं, १९३१ मध्ये सिगारेटच्या डबीतल्या छोट्या आरशाने ड्रॅक्युलाचं बिंग फुटतं, आणि १९६७ च्या रोमान पोलान्स्कीच्या ‘द फिअरलेस व्हॅम्पायर किलर्स’मध्ये भरल्या नृत्यगृहातल्या मोठ्या आरशात फक्त जिवंत माणसं नाचताना दिसतात. त्यानंतर उंबरठा घ्या, कोण कुणाला आत बोलावतं तो. त्या फेरीची सुरुवात ‘सिनर्स’पासून करा आणि तिथून मागे मागे जा.